पाय उचलल्यावरचा आवाज

वाळवंटातल्या तिजिकजा गावात बिघडलेली गाडी मागाहून यायची. आधी यायचा तिचा आवाज, आणि तोही माणसाच्या तोंडातून.

येस्लेम मिस्त्रीच्या फाटकात चटई टाकलेली असायची, कोळशावर चहाची किटली असायची आणि आजूबाजूला पाच-सात रिकामटेकडे. त्यांच्यासमोर उभं राहून गिऱ्हाइकाला आपल्या गाडीसारखं ओरडून दाखवावं लागे. त्यातून कुणाची सुटका नव्हती. एकदा खुद्द फौजदार आला. छातीवर बिल्ले, मिशीला पीळ, आणि तोंडातून आवाज काय, तर उपाशी कुत्र्याच्या पिल्लासारखा: "कुईं... कुईं... कुईं..."

"गाडी सुटताना कट्कन वाजतं?"

"वाजतं, मिस्त्री."

"शाफ्टाचा क्रॉस गेलाय. पुढचा."

मग एक खजुराचा व्यापारी. मशिदीत पहिल्या रांगेत बसणारा माणूस, पण इथे दोन्ही गाल फुगवून "घर्रर्र-टक! घर्रर्र-टक!" करताना तोंडातला अर्धा खजूर समोरच्याच्या चहात पडला. वळताना वाजतं का, एवढंच येस्लेमने विचारलं आणि पुढच्या चाकाचा सांधा सांगून टाकला. कापडं विकणारी एक बाई पदर सावरून सूर लावायची, "उंऽऽऽ... आणि डावीकडे वळलं की मेलं गप्प!" डावीकडे वळताना गाडीचा भार उजवीकडे जातो, डावं चाक हलकं होतं, तेव्हा जे गप्प होतं तेच दुखत असतं. "डाव्या चाकाचं बेअरिंग," येस्लेम डोळे न उघडता सांगायचा. वर तोच आवाज स्वतः काढून दाखवायचा, असा हुबेहूब की बाई दचकून आपल्या गाडीकडे बघायची. कुणी चालू केली की काय!

हे ऐकणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुष्काळात बापाच्या शेळ्या मेल्या तेव्हा चौदाव्या वर्षी तो एका मालगाडीवर चढला. पोत्यांच्या ढिगावर आडवं पडून दिवसच्या दिवस जायचे, आणि खाली काय काय फिरतंय ते पोत्यांतून बरगड्यांत यायचं. एके दिवशी त्याने वरून छप्पर ठोकून ड्रायव्हरला थांबवलं. "दादा, मागचं काहीतरी रडतंय." ड्रायव्हरने आधी एक शिवी दिली, मग खाली वाकून पाहिलं, आणि मग त्याला पोत्यांवरून उतरवून शेजारी बसवलं. त्या दिवसापासून तो मिस्त्री. चाळीस वर्षं झाली. लोक त्याला 'कान' म्हणत. कान काय म्हणतो? कानाला दाखवलंस का? कोरड्या नदीच्या पलीकडे हम्मादी नावाचा दुसरा मिस्त्री होता. तो गाडी उचलायचा, खाली झोपायचा, एकेक चाक हाताने हलवून पाहायचा, तेल बोटावर घेऊन उन्हात धरायचा. येस्लेमच्या चटईवर त्याची नक्कल व्हायची. कुणीतरी उताणं पडून आंधळ्यासारखं हवेत चाचपडायचं आणि सगळे खो खो हसायचे.

त्या कानातून आवाज जायला लागले ते बारीक टोकाकडून.

आधी किटली गेली. पाणी उकळून कोळशावर सांडलं तरी त्याला कळेना. "झोपलास का रे?" बायको उम्मुलखेर ओरडली, तेव्हा तो "हो, डोळा लागला" म्हणाला आणि सुटला. मग खजुरीच्या बनातली पाखरं गेली. मग सल्काचं हसू गेलं. एकुलत्या एका लेकीचे दात दिसायचे, खांदे हलायचे, आवाज नाही. जाड आवाज राहिले: ट्रकचं इंजिन, गावातल्या म्बारेकचा रेड्यासारखा घोगरा आवाज, वाळूवर पोतं आदळल्याचा धप्प. गिऱ्हाइकाच्या तोंडच्या नकलांचं त्याला भय नव्हतं. माणसाचे गाल, ओठ, मान सगळं सांगून टाकतात. भय गाडीचं होतं. गाडीला ओठ नसतात.

त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? गवंड्याचा हात गेला तर तो मुकादम होतो. 'कान' नावाच्या माणसाचा कान गेला तर त्याला काय म्हणून हाक मारायची? तो प्रश्न कमी विचारू लागला. काम कमी झालं होतं, तेही त्याच्या लक्षात आलं होतं. लोक यायचे, आवाज काढून दाखवायचे, हसायचे, चहाचे रिवाजाचे तीनही पेले पिऊन जायचे; पण गाडी दुरुस्तीला सोडून जाणारे घटले. "पाऊस नाही, धंदा नाही," तो उम्मुलखेरला म्हणायचा. ती मान हलवायची.

हिवाळ्यात सल्काचं लग्न झालं. जावई तिशित गावचा. सिदाती नाव, उंच, हडकुळा, बोलायला मऊ. स्वतःची पिकअप होती, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, आणि तिजिकजा ते तिशित माणसं, पोती, शेळ्या ने-आण करायचा. ती वाट म्हणजे नुसती वाळू. दीड दिवस, मध्ये एक विहीर, आणि गाडीने दगा दिला तर दुसरी गाडी येईल तेव्हा येईल. गाडी उत्तम ठेवायचा पोरगा. पण आता तो येस्लेमचा जावई झाला होता, आणि जावयाची लाज म्हणजे साधी लाज नव्हे. सासऱ्यासमोर जावई खात नाही, पीत नाही, मोठ्याने बोलत नाही, हसत तर नाहीच. सासरा एका दारातून आत आला की जावई दुसऱ्या दारातून बाहेर. समोरासमोर गाठ पडलीच तर पागोट्याचा शेव डोळ्यांपर्यंत ओढून, मान खाली घालून उभं राहायचं. यात दुरावा नाही, हाच मान. येस्लेमही आपल्या सासऱ्याशी अकरा वर्षांत एक वाक्य बोलला नव्हता आणि त्याच्या मरणाला सगळ्यांत जास्त तोच रडला होता.

आता अशा सासऱ्यासमोर उभं राहून तोंडाने गाडी वाजवून दाखवायची? त्यापेक्षा भर बाजारात नागवं फिरणं परवडलं.

उन्हाळ्यात खजूर उतरवायचे दिवस आले. गाव पाहुण्यांनी भरलं आणि परतीच्या माणसांनी सिदातीची पिकअप भरू लागली. या खेपेला सल्काही जाणार होती. सासूला भेटायला, पहिल्यांदाच तिशितला. निघायच्या आदल्या दिवशी दुपार कलताना म्बारेक फाटकात आला. हा सिदातीच्या गाडीवर माल बांधणारा, चाळिशीचा, पोट सुटलेला, गावातला पहिल्या नंबरचा नकलाकार. इमामाची खोकलायची ढब, प्रांताच्या वालीसाहेबांचं भाषण, दोन बायकांचं पाण्यावरून भांडण, सगळं एका दमात. मागोमाग पिकअप आली. सिदाती तिच्यातून उतरला, आणि आत न येता कुंपणाच्या मातीच्या भिंतीमागे जाऊन उभा राहिला. भिंतीवरून नुसतं काळं पागोटं दिसत होतं.

"मिस्त्री," म्बारेक म्हणाला, "जावईबापूंची गाडी गायला लागलीय. जावईबापू लाजतात, तेव्हा त्यांचा गळा मी."

"गा," येस्लेम म्हणाला.

चटईवरचे सरसावून बसले. म्बारेकने घसा खाकरला. खरं तर सिदातीने त्याला नीट शिकवून पाठवलं होतं. आवाज बारीक आहे, दूरच्या माशीसारखा. गाडी वेगात असताना पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की येतो. पुन्हा पाय दाबला की जातो. एवढंच. पण समोर सात माणसं बसलेली, आणि म्बारेकसारख्या माणसाने सात माणसांसमोर बारीक माशी व्हायचं? त्याने कमरेत वाकून हात मागे धरले, ढुंगण हलवलं आणि सुरू केलं: "वूंऽऽ-वूंऽऽ-व्वाँऽऽऽऽव! वूंऽऽ-वूंऽऽ-व्वाँऽऽऽऽव!"

"अरे, ही तर वितेय उंटीण!" कुणीतरी म्हणालं.

"जुळी आहेत!" दुसरा म्हणाला.

हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. येस्लेमही हसला. हा आवाज त्याला चांगला ऐकू आला होता, आणि बऱ्याच दिवसांत काहीतरी चांगलं ऐकू आल्याचंच त्याला सुख झालं.

"पाय दाबल्यावर, की उचलल्यावर?" त्याने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. चाळीस वर्षांचं शहाणपण त्या एका प्रश्नात होतं. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखा गोळा असतो. इंजिनाकडून आलेला शाफ्ट त्यात शिरतो आणि आतला लहान दात्यांचा पिनियन मोठ्या चक्राला फिरवतो. पाय उचलल्यावर हा गोळा रडला, तर समजावं की पिनियन आपल्या जागी ढिला झालाय, त्याचं बेअरिंग संपत आलंय. टायरांचा आवाज असला तर पाय दाबा, उचला, त्याला काही फरक नाही.

भिंतीमागचं पागोटं हललं. सिदातीने काहीतरी म्हटलं असावं, पण जावयाने म्हणावं तसं, भिंतीला ऐकू जाईल इतकंच. म्बारेकने तिकडे बघितलंही नाही. त्याची घोडदौड चालू होती.

"मिस्त्री, ती बया दाबल्यावर ओरडते, उचलल्यावर ओरडते, नुसतं बघितलं तरी ओरडते. थेट माझी सासू!"

पुन्हा हशा. येस्लेमने प्रश्न पुन्हा विचारला नाही. कानाने दोनदा विचारायचं नसतं. चावीसाठी त्याने हात पुढे केला.

खरं म्हणजे अशा वेळी ड्रायव्हरला शेजारी बसवतात. "हां, आता... हां, हे बघा, आता आला," असं त्याने म्हणायचं. पण सासरा-जावई एका केबिनमध्ये, गुडघ्याला गुडघा लावून? तो विचारही कुणाच्या डोक्यात आला नाही. येस्लेम एकटाच गाडी घेऊन गावाबाहेरच्या कडक माळावर गेला.

काचा खाली केल्या. वेग घेतला, चाळीस, साठ, ऐंशी. पाय उचलला.

काही नाही.

पुन्हा वेग, पुन्हा पाय उचलला. मान खिडकीबाहेर काढली, वाऱ्याने पागोटं सुटून गळ्यात आलं. सुकाणू डावीकडे दिलं, उजवीकडे दिलं. बुडाखालून एक जाड गुंगुं येत होती, तेवढी फक्त त्याला कळत होती, आणि ती टायरांची होती. मागचे दोन्ही टायर नवेकोरे, मोठ्या गाठींचे. ते कडक जमिनीवर बोलणारच. त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात सुकाणूवर ठेवून बसून राहिला. आवाज नाही म्हणून ऐकू येत नाही, की ऐकू येत नाही म्हणून आवाज नाही? हे सांगणारं त्या माळावर कुणी नव्हतं. एक कावळा चोच उघडत होता, मिटत होता.

उपाय होता. गाडी उचलायची, खाली झोपायचं, शाफ्ट जिथे गोळ्यात शिरतो तिथे मुठीत धरून हलवायचं. ढिला असला तर हाताला लागतोच. नाहीतर गोळ्याचा बूच काढून तेल बोटावर घ्यायचं; त्यात चमचम दिसली की संपलं. दहा मिनिटांचं काम, बहिऱ्यालाही येणारं. पण ते हम्मादीचं काम. फाटकात सात माणसं चहाचा दुसरा पेला घेऊन निकालाची वाट बघत होती, त्यांच्यासमोर आडवं पडून हवेत चाचपडायचं?

तो परत आला, खाली उतरला आणि दार जोरात लावलं.

"टायर," तो म्हणाला. "नवे आहेत, तोंडाळ आहेत. वाळूत गेले की गप्प होतील."

"बघा! मी म्हणालो होतो, सासूच!" म्बारेक म्हणाला.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने चहात पाहिलं. भिंतीमागे सिदातीने छातीवर हात ठेवला, हे पागोट्याच्या वाकण्यावरून कळलं. सासऱ्याने स्वतः गाडी चालवून पाहिली, यापरता मान कोणता? तो थेट माल भरायला गेला.

सकाळी उन्हं यायच्या आत निघायचं ठरलं होतं, निघेपर्यंत चांगलं फटफटलं. खजुरांची पोती, त्यांवर गाद्या, गाद्यांवर नऊ माणसं आणि एक शेळी. म्बारेक सगळ्यांना दोरीने आवळत होता. "पाय आत घ्या, आजी. नाहीतर पाय तिशितला पोचेल आणि तुम्ही इथेच!" सल्का पुढे बसली. उम्मुलखेरने तिच्या मांडीवर दह्याचं बुधलं ठेवलं. येस्लेमने खिडकीतून हात घालून तिचं डोकं थोपटलं. ती काहीतरी म्हणाली, तिचे डोळे भरले होते, म्हणून तोही "हो, हो बाळ" म्हणाला. पलीकडे सिदाती डोळ्यांपर्यंत पागोटं ओढून समोरच्या काचेकडे बघत बसला होता.

गाडी निघाली. मिस्त्रीच्या फाटकापासून रस्ता उताराने कोरड्या नदीत उतरतो. तिथे कडेला विहीर आहे, बायका पाणी शेंदत असतात. उतार लागला तसा सिदातीने पाय उचलला असणार.

विहिरीवरच्या सगळ्या बायकांनी एकदम माना वळवल्या.

येस्लेमने ते पाहिलं. एक गाढव होतं, त्याचे कानही वळले. बायका गाडीकडे बघत होत्या, माणसं बघतात तशा नव्हे. काही विचित्र ऐकल्यावर बघतात तशा. एकीने नाक मुरडून दुसरीला काहीतरी म्हटलं. गाडी नदीत उतरली, तिने पुन्हा वेग घेतला, बायका पुन्हा दोराकडे वळल्या.

येस्लेम फाटकाबाहेर दोन पावलं आला. ओरडला असता तर म्बारेकने ऐकलं असतं. धावला असता तर नदीच्या वाळूत गाडी हळू होते, गाठली असती. तो तसाच उभा राहिला. म्हणायचं काय? मला ऐकू आलं नाही, म्हणून गाडी थांबवा? म्बारेक गाणं म्हणत असेल, त्याने स्वतःला सांगितलं. बायका त्यालाच बघत असतील. गाडी पलीकडच्या काठावर चढली, धुळीचा एक पडदा उठला आणि खाली बसला.

दुपारपर्यंत तो स्वतःशी हेच बोलत होता. आता डोंगर उतरले असतील. आता वाळू लागली असेल, टायर गप्प झाले असतील. जेवायला बसला आणि घास तोंडातच फिरत राहिला. "लेक गेली की असंच होतं," उम्मुलखेर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिशितहून सिदातीच्या भावाचा फोन आला: अजून पोचले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन गाड्या शोधायला निघाल्या. येस्लेम न विचारता पहिल्या गाडीत जाऊन बसला.

काय झालं ते त्याला म्बारेकने सांगितलं. ज्या टेकाडाच्या सावलीत ती सगळी सापडली, तिथेच, साध्या आवाजात. वाटेतल्या विहिरीच्या अलीकडे वाळूतच मागून एक धडाका झाला आणि मागची चाकं जागच्या जागी आवळली. सिदाती घाबरला नाही. त्याने सगळ्यांना उतरवलं, मागचा शाफ्ट सोडला, मागच्या चाकांचे आतले दांडे ओढून काढले आणि नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी न्यायला बघितली. मऊ वाळूत पुढची दोन चाकं काय ओढणार? शंभर पावलं जायची, रुतायची. इंजिन तापलं. त्याला पाणी पाजलं. पुन्हा तापलं. पुन्हा पाजलं. माणसांचं निम्मं पाणी गाडीने प्यायलं, तेव्हा सिदातीने इंजिन बंद केलं. उरलेलं पाणी सल्काच्या ताब्यात दिलं, घोट मोजून द्यायला सांगितलं आणि दुसऱ्या पहाटे रिकामे डबे घेऊन विहिरीकडे चालत गेला. विहीर एका दिवसाच्या चालीवर होती. पण त्या दुपारी वाळूचा वारा सुटला, वाट दिसेना.

"मी जातो म्हणालो होतो," म्बारेक म्हणाला. "तर म्हणाला, तुझं पोट बघ, तू निम्म्या वाटेत बसशील. हसत म्हणाला." म्बारेकने सिदातीचा आवाज काढला नाही. त्याने कुणाचाच आवाज पुन्हा कधी काढला नाही.

नऊपैकी आजी तिथेच गेली होती. तिच्यावर दगड रचले होते. बाकीची जगली. सिदाती चौथ्या दिवशी सापडला, विहिरीपासून इतका जवळ की शोधणाऱ्यांनी ते अंतर घरात कुणाला सांगितलं नाही.

महिन्याभराने एका ट्रकने पिकअप ओढून आणली. कुणी ती उघडायला सांगितली नव्हती. येस्लेमने फाटक लावून घेतलं, चटई गुंडाळली आणि खाली आडवा झाला. गोळा उघडायचीही गरज पडली नाही. शाफ्टाचं टोक त्याने दोन बोटांनी धरलं. ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. मग बूच काढला आणि चमचम करतं तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

सल्का बापाच्या घरी इद्दतीत, विधवेच्या सुतकात बसली. चार महिने दहा दिवस, बाहेर पाऊल नाही. ती रडत नव्हती, आणि त्याची येस्लेमला जास्त भीती वाटे. एके दुपारी तो तिच्यासाठी पाणी घेऊन गेला. उम्मुलखेर कोपऱ्यात उसवलेली गादी शिवत होती. सल्काने पेला घेतला नाही. ती त्याच्या अगदी समोर सरकून बसली.

"बाबा. गाडीला. काय. झालं. होतं?"

एकेक शब्द सुटा, ओठ मोठे करून. लहान मुलाला घास भरवावा तसा. येस्लेमने पेला खाली ठेवला.

"तू इतकं सावकाश का बोलतेस?"

उम्मुलखेरने सुई गादीत खोचली.

"पिनियनचं बेअरिंग होतं," येस्लेम म्हणाला. "हाताने हलवलं असतं तर कळलं असतं." मग म्हणाला, "तुला माहीत होतं?"

सल्काने मान डोलावली.

"केव्हापासून?"

"दोन उन्हाळे झाले," उम्मुलखेर मागून म्हणाली, मग आठवण होऊन उठली, समोर आली आणि पुन्हा म्हणाली. "दोन उन्हाळे. किटली सांडली त्या दिवसापासून."

"आणखी कुणाला?"

"कुणाला नाही ते विचार."

"म्बारेकला?"

"म्बारेकला, फौजदाराला, कापडवालीला. सगळ्यांना रे. तुझ्याकडे येतात, तुला आवाज काढून दाखवतात, तुझा चहा पितात आणि इथून नदी ओलांडून हम्मादीकडे जातात. त्याच्याकडून गाडी उचलून घेतात. तू जे सांगशील त्याला मान डोलवायची आणि नदी ओलांडायची, असं ठरूनच गेलंय."

"मग ते सातजण... त्या दिवशी..."

"त्यांना वाटलं, सिदातीही नदी ओलांडेल."

येस्लेम भिंतीला टेकला.

"त्याला कोण सांगणार होतं?" उम्मुलखेरचा आवाज चढला होता, ते तिच्या गळ्याच्या शिरांवरून दिसत होतं. "परगावचा पोर. जावयाच्या तोंडावर सासऱ्याचं व्यंग कोण काढणार? आणि काढलं असतं तरी? सासऱ्याने तपासलेली गाडी दुसऱ्याकडे नेऊन दाखवण्याइतका निर्लज्ज होता का तो?"

"मी सांगणार होते," सल्का म्हणाली. "रोज ठरवायचे. मग वाटायचं, नव्या नवऱ्याला बापाची ही गोष्ट कशी सांगायची." पुढे ती आणखी बराच वेळ बोलली, पण भिंतीकडे तोंड करून.

इद्दत संपली तेव्हा तिशितहून निरोप आला. सिदातीची आई थकली होती, एकदा सुनेचं तोंड बघायचं म्हणत होती. जायला एक दुसरी पिकअप ठरली. ड्रायव्हर याच गावचा. येस्लेमने पहाटे उठून जॅक काढला, लाकडी ठोकळे फाटकाबाहेर मांडले, जमिनीवर गोणपाट अंथरलं. गाडी सल्काला घ्यायला इथेच येणार होती. उचलून बघू, हाताने बघू, किती वेळ लागतो.

उम्मुलखेर बाहेर आली, तिने ठोकळ्यांकडे बघितलं आणि ती आत गेली. थोड्या वेळाने सल्का बोचकं घेऊन बाहेर आली. बापापाशी थांबली, वाकून त्याच्या डोक्याला ओठ लावले आणि ठोकळ्यांना वळसा घालून उताराने चालू लागली. चालत नदी ओलांडली. पलीकडे हम्मादीच्या दारात ती गाडी उचललेली होती. इथूनही दिसत होतं, खालून दोन पाय बाहेर आले होते.

ते पाय बराच वेळ तसेच होते. मग गाडी खाली आली, सल्का पुढे बसली, आणि गाडी पलीकडच्याच काठाने तिशितच्या वाटेला लागली.